मिरगापासून मिरगापर्यंत: ध्येय ठरवायचं आणि वर्षभर टिकवायचं कसं

"यंदा काहीतरी करायचंच" हे वाक्य आपल्याकडे वर्षातून दोनदा कानावर येतं. एकदा १ जानेवारीला आणि दुसऱ्यांदा जूनमध्ये, मिरगाच्या (मृग नक्षत्राच्या) तोंडावर. जानेवारीतला निश्चय बहुतेकांचा संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर संपतो. मिरगातला टिकतो, कारण तोवर बियाण्याची बॅग उधारीवर घरात आलेली असते, रान तयार असतं, तिफणीवर कोण ते ठरलेलं असतं आणि पाऊस लांबला तर काय, यावरही ओसरीवर चारदा बोलून झालेलं असतं. नोकरी, अभ्यास, धंदा, तब्येत यांचं काही ठरवताना आपण नेमकं हेच सगळं वगळतो आणि नुसती इच्छा तेवढी धरून बसतो.

आपल्या मराठवाड्याची आणखी एक अडचण आहे. ध्येय ठरवण्याच्या बहुतेक पद्धती असं गृहीत धरतात की मेहनत केली की फळ साधारण त्या मापात मिळतं. मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं. भरतीची जाहिरात कधी निघेल, मोंढ्यावर भाव काय निघेल, कंपनीला ऑर्डर राहतील का, यातलं काहीच आपल्याला विचारून होत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये चौथीला मी सगळ्यात जास्त जागा दिली आहे. घाई असेल तर तीच आधी वाचा.

पायरी १: आठवडाभर काहीच ठरवू नका, नुसतं लिहा

शंभर पानी वही आणि पेन पुरे. मोबाईलवरची ॲप वाईट नाहीत, पण ध्येयाचं ॲप उघडायला म्हणून फोन हातात घेतलेला माणूस अर्ध्या तासाने रील बघतच सापडतो.

सात दिवस रोज रात्री जेवण झाल्यावर तीन ओळी लिहायच्या: वेळ कुठे गेला, पैसा कुठे गेला आणि अंगात ताकद कधी होती. पहिल्या दोन ओळी लिहायला सगळेच सांगतात, मला तिसरी जास्त मोलाची वाटते. वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात फिरत्या शिफ्टमध्ये असलेल्या माणसाने "रोज पहाटे पाचला उठून अभ्यास" असं ठरवलं की दुसऱ्या शिफ्टच्या पहिल्याच आठवड्यात ते मोडतं. मध्यरात्री घरी पोचलेला माणूस पाचला उठून काय वाचणार? शेतीपंपाला रात्रीची लाईट असते त्या आठवड्यात पाण्यावर गेलेल्याचीही तीच गत. अशांनी दोन वेगळी वेळापत्रकं करावीत, एक या आठवड्याचं आणि एक त्या.

फोनच्या सेटिंगमध्ये 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम' असा भाग असतो. तिथला रोजचा आकडा वहीत उतरवा. नव्या कामाला वेळ कुठून काढायचा, याचं उत्तर बहुतेक वेळा त्याच आकड्यात सापडतं.

पायरी २: मनातलं सगळं उतरवा, मग दोनच ठेवा

कर्ज फेडायचंय, वजन उतरवायचंय, इंग्रजी बोलता यायला हवं, विहिरीवर सोलार बसवायचाय, प्रमोशन हवं, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, धाकट्याचं लग्न. एका बैठकीत तीस-चाळीस गोष्टी निघतात. निघू द्या. मग त्यातली एक घरची किंवा स्वतःची आणि एक कामाची, अशा दोनच ठेवा. बाकीची यादी वहीच्या शेवटच्या पानावर राहू द्या, ती कुठे पळून जात नाही. तिसरं काही हाती घ्यायचंच असेल तर आधीच्या दोनांतलं एक पुरं होऊ द्या, नाहीतर रीतसर खोडा. खोडायचंही नाही आणि करायचंही नाही, अशी ध्येयं नुसती ओझं होतात.

निवडताना एक कसोटी लावा: ही गोष्ट लग्नाच्या बायोडाटात लिहिता आली नाही, पाहुण्यांना सांगता आली नाही, तरी मला करायची आहे का? आपल्याकडे 'शासकीय नोकरी' हे कितीतरी पोरांचं ध्येय आहे, पण खोदून विचारलं तर ते भावकीचं ध्येय निघतं. लातूरला नीटच्या तयारीला आणून सोडलेल्या लेकरांचंही तसंच. लातूर पॅटर्नमागे सरावाची आणि चाचण्यांची मोठी शिस्त आहे, तिचं मोल मला ठाऊक आहे. पण ती शिस्त ज्याला डॉक्टर व्हायचंय त्याच्या कामाची आहे. वडिलांना पोरगा डॉक्टर व्हायला हवा असेल तर ते वडिलांचं ध्येय झालं, आणि ते पोराच्या वहीत लिहून पोराचं होत नाही. घरात हे बोलणं अवघड असतं. तरी ते अकरावीच्या प्रवेशाआधी झालेलं बरं. नंतर फी भरलेली असते आणि मग कुणीच मोकळं बोलत नाही.

पायरी ३: एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात तारीख, आकडा, नाव येऊ द्या

व्यवस्थापनाच्या कुठल्याही प्रशिक्षणात 'स्मार्ट' (SMART) ध्येयाचा तक्ता दाखवतात, प्रत्येक अक्षरापुढे एक कसोटी. ही कल्पना जॉर्ज डोरन यांनी १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये एका छोट्या लेखात मांडली. आज त्या तक्त्यात तिसऱ्या अक्षरापुढे 'साध्य होण्याजोगं' असं लिहिलेलं असतं. डोरन यांच्या मूळ लेखात तिथे 'हे काम कुणाकडे' ही कसोटी होती. माझ्या मते आपल्या एकत्र कुटुंबांना तीच जास्त लागू पडते. "यंदा घराचं स्लॅबचं काम उरकू" हे चौघा भावांचं ध्येय असलं तर ते कुणाचंच नसतं. "स्लॅबचं काम ३१ मार्चपर्यंत. गवंड्याशी बोलणं आणि हिशोब मधल्याकडे, पाणी थोरल्याकडे" असं लिहिलं की विचारायला माणूस मिळतो.

आकडा किती मोठा ठेवावा? एडविन लॉक आणि गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं यावरच काम केलं. त्यांचा निष्कर्ष असा, की नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं तर माणूस "होईल तेवढं कर" म्हटल्यापेक्षा चांगलं काम करतो. मात्र त्याने ते मनापासून स्वीकारलेलं असावं, आपण कुठवर आलो हे त्याला कळत राहावं आणि ते काम करण्याची कुवत असावी. 'थोडं अवघड' म्हणजे किती याचं उत्तर पहिल्या पायरीच्या वहीत आहे. गेल्या तीन वर्षांत सोयाबीनचा एकरी उतारा सात क्विंटल असेल तर साडेआठ-नऊ लिहा, पंधरा नको.

पण काम अगदी नवीन असेल तर आकड्याच्या मागे लागू नका. याच अभ्यासकांच्या पुढच्या कामातून दिसलं, की अनोळखी आणि गुंतागुंतीच्या कामात सुरुवातीलाच कमाईचं ध्येय ठेवलं तर माणूस गडबडतो, तिथे शिकण्याचं ध्येय ठेवावं. तुतीची लागवड करून रेशीम कोष घेणारे शेतकरी बीड-जालना भागात आता बरेच आहेत, जालन्यात कोषांची बाजारपेठही आहे. नव्याने त्यात उतरणारा पहिल्याच बॅचला "इतके हजार सुटले पाहिजेत" म्हणतो. त्याऐवजी पहिल्या दोन बॅचचं ध्येय असं असावं: शेडमध्ये भिंतीला तापमान आणि आर्द्रता दाखवणारं घड्याळ टांगणे, सकाळी, दुपारी आणि रात्री दोन्ही आकडे शेजारच्या कागदावर लिहिणे, रोज किती अळ्या मेल्या ते मोजणे. अळीला साधारण २४ ते २८ अंश मानवतं. आपल्याकडे मार्चनंतर दुपारी शेडमध्ये काय होतं आणि ओलं बारदान लावल्यावर किती अंश उतरतं, हे त्या कागदावरूनच कळतं. तिसऱ्या बॅचपासून किलो आणि रुपये लिहा.

नोकरीतलं ध्येय बहुधा वरून येतं आणि ते मोघम असतं: "क्वालिटी सुधारा", "टीमवर्क वाढवा". वार्षिक मूल्यमापनाच्या फॉर्मवर सही करण्याआधी साहेबांना शांतपणे तीन गोष्टी विचारा. आज आकडा काय आहे? कुठल्या तारखेला तो किती झालेला हवा? आणि त्यासाठी मला काय मिळणार, म्हणजे माणूस, मशीनचा वेळ की ट्रेनिंग? "माझ्या लाइनवरचं रिजेक्शन सप्टेंबरअखेर ४ टक्क्यांवरून अडीचवर, त्यासाठी दर शनिवारी दोन तास मेंटेनन्सला मशीन मिळेल" असं लेखी झालं तर वर्षअखेरीस वाद कमी होतात. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की काम करणाऱ्याचा स्वतःचं उद्दिष्ट ठरवण्यात हात हवा. सत्तर वर्षं होऊन गेली, अजून फॉर्म वरूनच भरून येतात.

पायरी ४: हातातलं आणि हाताबाहेरचं वेगळं करा

वहीचं एक कोरं पान घ्या. वर ध्येयाचं वाक्य लिहा. खाली मधोमध रेघ मारा. डावीकडे जे माझ्या हातात आहे ते, उजवीकडे जे नाही ते.

सोयाबीनचं उदाहरण घेऊ. उजवीकडे येईल: पाऊस किती आणि कधी, मोंढ्यावरचा भाव, फुलोऱ्यात खंड पडला तर तो, काढणीतला पाऊस. २०२५-२६ साठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला, पण आपला माल त्या भावाने खरेदी होईलच हे आपल्या हातात नाही, म्हणून तोही उजवीकडेच.

डावीकडची यादी लिहायला बसलं की ती वाटते त्यापेक्षा लांब निघते. घरच्या बियाण्याची उगवण तपासणे: शंभर दाणे मोजून ओल्या बारदानात गुंडाळायचे, बारदान ओलं ठेवायचं, आठवड्याच्या आत कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर शिफारशीइतकं बियाणं, कमी असतील तर त्या प्रमाणात जास्त. बीजप्रक्रिया. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण न धरणे, शेजाऱ्याने धरली तरी. रुंद वरंबा सरीवर पेरणी, म्हणजे पाऊस कमी झाला तर ओल टिकते आणि जास्त झाला तर पाणी सरीने निघून जातं. यातलं शेजाऱ्याचं कलम सगळ्यात अवघड. गावात पहिली पेरणी झाली की दुसऱ्या दिवशी सगळं गाव रानात असतं.

आता याच पद्धतीने पोलीस भरतीचं पान. शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. जाहिरात कधी येईल, जागा किती, कटऑफ कितीवर लागेल हे उजवीकडे. डावीकडे: आठवड्यात चार दिवस धावणं, त्यातल्या एका दिवशी घड्याळ लावून पूर्ण १६०० मीटर, दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून, आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही. "यंदा पोलीस होणार" हे वाक्य जाहिरात निघाली नाही की कोसळतं. "डिसेंबरअखेर १६०० मीटर साडेपाच मिनिटांत" हे जाहिरात आली काय, न आली काय, उभं राहतं, आणि जाहिरात आली त्या दिवशी कामी येतं.

प्रमोशन, नवी नोकरी, एमपीएससी, दुकानाची उलाढाल, सगळ्यांचं पान असंच करायचं. दोन नियम पाळा. एक, डाव्या बाजूची तीनच कामं दर आठवड्याला मोजायची, सात-आठ नाही. दोन, उजव्या बाजूकडे रोज बघत बसायचं नाही. भाव रोज पाहून वाढत नाही आणि जाहिरातीची अफवा दहा ग्रुपांवर वाचून जाहिरात लवकर येत नाही.

तरी उजवी बाजू नुसती लिहून सोडायची नसते. प्रत्येक ओळीपुढे "झालंच तर काय" एवढं लिहा. सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन घेणारा शेतकरी हेच करत असतो: सोयाबीन गेलं तर तूर काही तरी देऊन जाईल. कंपनीत कंत्राटी असलेल्याने "ब्रेक मिळाला तर" याच्यासमोर तीन महिन्यांचा किराणा आणि हप्ता भागेल एवढी रक्कम लिहावी. ती रक्कम जवळ नसेल तर तेच त्याचं पहिलं ध्येय, बाकीची नंतर.

याच पानावर शेवटी तीन ओळी काढा: चांगलं साल, मधलं साल, वाईट साल. एका ध्येयाचे तीन आकडे. चांगल्या साली कर्जातले दीड लाख फेडीन, मधल्या साली ऐंशी हजार, वाईट साली नुसतं व्याज भरून खातं थकीत होऊ देणार नाही. तब्येतीचंही तसंच: चांगल्या आठवड्यात पाच दिवस चालणं, लग्नसराईच्या आठवड्यात दोन दिवस. वाईट सालाचा आकडा आधी लिहिलेला असला की साल खराब निघालं म्हणून माणूस ध्येयच टाकून देत नाही. मला तर या तीन ओळी 'स्मार्ट'च्या सगळ्या तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी वाटतात.

पायरी ५: कॅलेंडर आपलं वापरा

जानेवारी ते डिसेंबर हे वर्ष ऑफिसचं. शेतकरी घराचं वर्ष मिरगाला सुरू होतं, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचं दसरा-दिवाळीला, विद्यार्थ्याचं जूनला, दुकानदाराचं दिवाळी पाडव्याला. आपलं वर्ष कुठलं ते ठरवा आणि त्यात जे दिवस कामाचे नाहीत ते आधी काटून टाका. पेरणीचा पंधरवडा, पोळा, महालक्ष्म्या, सोयाबीनची काढणी, दिवाळी, लातूर-धाराशिवकडे येळवस (वेळा अमावास्या), जवळच्यांची लग्नं. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी बारा ते चार पत्र्याच्या खोलीत अभ्यास होत नाही, हेही धरा. एवढं काटल्यावर जे उरतं ते तुमचं खरं वर्ष.

मग शेवटच्या तारखेपासून मागे या. डॅनियल काहनेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की आपलं काम किती दिवसांत होईल याचा अंदाज माणूस नेहमी कमी धरतो, आधीचा अनुभव उलटा असला तरी. त्यावर त्यांचाच उपाय आहे: आपल्या कामाचा वेगळा विचार न करता, तसल्याच इतर कामांना किती वेळ लागला ते पाहा. घर बांधायचंय तर गावात गेल्या दोन-तीन वर्षांत बांधलेल्या पाच घरमालकांना विचारा, पाया ते गिलावा किती महिने लागले. गवंडी सांगेल तो आकडा सोडून द्या. आणि पाण्याचं आधी विचारा. स्लॅबला आठवडाभर तरी पाणी मारावं लागतं, आणि मे महिन्यात टँकर घरच्या पिण्याला पुरत नाही तिथे बांधकामाला कुठून आणणार?

पैशाच्या ध्येयाला आपलं कॅलेंडर सगळ्यात जास्त लागू होतं. पगारदाराला दर महिन्याची आवर्त ठेव सोपी, पगाराच्या दुसऱ्या दिवशी खात्यातून आपोआप वळती होईल अशी सोय करायची. शेतकऱ्याला महिन्याचा हप्ता जमत नाही, कारण पैसा वर्षातून दोनदा-तीनदा येतो. त्याने "महिन्याला दोन हजार" असं लिहू नये. "आडतीवरून पट्टी हातात पडली की त्याच दिवशी, घरी जाण्याआधी, पंधरा टक्के दुसऱ्या खात्यात" असं लिहावं. घरी पोचल्यावर त्या पैशाला दहा वाटा फुटतात.

पायरी ६: अडचण आधीच लिहा आणि तिच्यासमोर कृती

अभ्यासिकांच्या भिंतींवर आणि मोबाईलच्या स्टेटसवर 'भावी पीएसआय', 'भावी तहसीलदार' खूप दिसतात. 'भावी' लावायला पैसे पडत नाहीत. गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या अभ्यासात मात्र असं दिसलं, की यशाची नुसती गोड चित्रं रंगवणारे प्रत्यक्षात कमी प्रयत्न करतात. नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांमध्येही जे जास्त स्वप्नं रंगवत होते त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले. ओटिंगेन यांचा सल्ला असा: यशाचं चित्र डोळ्यांसमोर आणा, आणि लगेच आपल्याच आतली अडचण काय तीही आणा. म्हणून भिंतीवर 'भावी' लावायचंच असेल तर त्याखाली "रात्री अकरानंतर रील बघतो" हेही लिहा.

अडचण सापडली की मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांची 'जर-तर' पद्धत वापरा. ते १९९० च्या दशकापासून हे मांडत आहेत आणि २००६ मध्ये ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हाही ती चांगली लागू पडलेली दिसली. वाक्य अगदी साधं असतं: जर अमुक झालं, तर मी तमुक करीन.

जर दुसरी शिफ्ट असेल, तर सकाळी साडेनऊ ते अकरा अभ्यास, पहाटे नाही.
जर अभ्यासाच्या वेळी लाईट गेली, तर छापील नोट्सची उजळणी, फोन नाही.
जर संध्याकाळी पाहुणे आले, तर चहा देईन, वीस मिनिटं बसेन आणि "उद्या पेपर आहे" सांगून उठेन.
जर उधारीवाला "पुढच्या बाजारी देतो" म्हणाला, तर त्याच्यासमोरच वहीत तारीख लिहून सही घेईन.

शेवटचं वाक्य दुकानदारासाठी. "दिवाळीआधी उधारी ८० हजारांवरून ३० हजारांवर" हे चांगलं ध्येय आहे, आणि त्याचं हातातलं काम म्हणजे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी पाच फोन.

सवयीबद्दल एक गोष्ट. एकवीस दिवसांत सवय लागते हे ऐकून अनेकांनी बाविसाव्या दिवशी नाद सोडलेला असतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर पाहिलं, तेव्हा नवी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांत तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं.

पायरी ७: दर आठवड्याला बसा, कुणाला तरी समोर बसवा

याला बाहेरून काही शिकायची गरज नाही. गावातला चांगला चाललेला बचत गट बघा. उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) गटांना पंचसूत्री पाळायची असते: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि दप्तर अद्ययावत. यातली बैठक पहिली आहे, ते उगाच नाही. ठरल्या वारी, ठरल्या वेळी बायका बसतात, वही उघडते, प्रत्येकीचं नाव घेतलं जातं. बैठक बंद पडली की बाकीची चार सूत्रं मागोमाग जातात.

आपल्यालाही तेच करायचंय. एक वार, एक वेळ, पंधरा-वीस मिनिटं, आणि समोर एक माणूस. सगळ्या गावाला सांगत सुटू नका. मित्र, बहीण, मामेभाऊ, कामावरचा सोबती, कुणीही चालेल, पण खोटं बोललं तर ओळखेल असा हवा. पानावर चार रकाने: ठरलं काय, झालं काय, का, पुढच्या आठवड्यात काय.

तुळजापूरकडच्या गटातल्या एका ताईंच्या वहीचं पान सांगतो. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी बाहेरच्या दुकानांत विकायची, असं ठरलं होतं. ठरलं: तीन दुकानांत नमुने. झालं: दोन. का: तिसऱ्याने पाकिटावर तारीख आणि नोंदणी क्रमांकाचं लेबल मागितलं. पुढे: अन्न सुरक्षा नोंदणीचा अर्ज, शुक्रवारपर्यंत लेबलचा नमुना छापून. पानाच्या कोपऱ्यात तेलाचा डाग, आणि खाली जाऊबाईंची सही. तो तिसरा रकाना नसता तर "एक दुकान राहिलं" एवढंच उरलं असतं आणि आळस केला असं वाटलं असतं. अडलं होतं लेबलवर.

तिसऱ्या रकान्यात सलग तीन आठवडे एकच कारण आलं तर माणसाला दोष देणं थांबवा आणि योजना बदला. "वेळ मिळाला नाही" हे कारण लिहायचं नाही, त्या वेळात काय केलं ते लिहायचं.

महिन्यातून एकदा चौथ्या पायरीचं पान उघडा आणि साल चांगलं चाललंय, मधलं की वाईट, ते ठरवा. आकडा खाली आणायचा तर इथे आणा, रोजच्या रोज नाही.

पायरी ८: थांबायची तारीखही आधीच लिहा

हे कुणी सांगत नाही. संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या अभ्यासिकांमध्ये सात-आठ वर्षं काढलेली मुलं-मुली भेटतात. ती आळशी नसतात, त्यांतली कितीतरी जण एकेका गुणाने राहिलेली असतात. त्यांच्या ध्येयाला शेवटची तारीख नसते, एवढंच. ती सरकारने दिलेली तारीख धरून चालतात: पोलीस शिपायाला खुल्या प्रवर्गात २८, एमपीएससीला खुल्या प्रवर्गात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. ही वयोमर्यादा सरकारच्या सोयीची आहे. तुमच्या घरचं कर्ज, आईवडिलांचं वय, तुमचा स्वतःचा उमेदीचा काळ यांचा तिच्याशी संबंध नाही.

म्हणून तयारीला बसतानाच तीन ओळी लिहा. किती प्रयत्न किंवा कुठल्या तारखेपर्यंत. त्यात प्रगती कशी मोजणार, म्हणजे दुसऱ्या प्रयत्नात पूर्वपरीक्षा निघाली नाही तर काय. आणि थांबलो तर दुसऱ्या दिवशी काय करणार. तिसरी ओळ कोरी राहिली तर पहिल्या दोन पाळल्या जात नाहीत, कारण थांबायला जागाच नसते. त्यासाठी शेवटच्या वर्षात आठवड्यातले सहा-आठ तास दुसऱ्या कामाला द्या: टॅली, अकाउंट्स, शिकवण्या, घरच्या शेतीतली एखादी जबाबदारी, जे जमेल ते. अभ्यास तेवढ्याने बुडत नाही.

धंद्याचंही असंच लिहा: किती रुपये घातल्यावर आणि किती महिने तोटा दिसल्यावर दुकान आवरायचं. शेळीपालनाचं शेड असो की झेरॉक्सचं दुकान, हा आकडा पहिल्या दिवशी थंड डोक्याने लिहिता येतो. पैसे अडकल्यावर तो दर महिन्याला थोडा पुढे सरकत राहतो.

ती तारीख घरात निदान एकाला माहीत असू द्या. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहा, खाली त्यांची सही घ्या, आणि बदलायची झाली तर त्यांच्यासमोर बसून, कारण लिहून, एकदाच बदला.